बेडकाला नागपूरला नेलं तेव्हा

लेक पुण्याच्या वसतिगृहात राहायला गेली तेव्हा तिचं सामान मी यादी करून भरलं. यादीत जे बसलं नाही ते घरी राहिलं. त्यातली सर्वांत अवघड वस्तू म्हणजे समोरच्या खोलीतली काचेची टाकी आणि टाकीतला बेडूक. वसतिगृहात प्राणी चालत नाहीत. निघताना लेकीनं मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली, "आई, तू ह्याला सांभाळशील ना?" मी हो म्हटलं. मी नर्स, वॉर्डात इतकी माणसं सांभाळते, एका बेडकाचं काय एवढं.

हा बेडूक आपल्या डबक्यातला नव्हे. ही परदेशी जात. लेक घरून रोज नागपूरला प्रवेश परीक्षेच्या क्लासला जात होती, तेव्हा शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानातून तिनं तो आणला. रंग पांढरट, डोळे लाल, अंग चपटं, मागच्या पायांना काळी नखं. जन्मभर पाण्यातच राहतो. त्याला जीभ नसते, म्हणून खाणं दिसलं की पुढच्या दोन्ही हातांनी ते तोंडात कोंबतो. परीक्षा पहिल्यांदा बिघडली, दुसऱ्यांदाही बिघडली. त्या दिवसांत लेक माझ्याशी धड बोलत नव्हती. टाकीसमोर बसून बेडकाशी मात्र बोलायची. अभ्यास पाठ म्हणून दाखवायची तीही त्यालाच. त्यामुळे तो मेला तर ते तिला कसं सांगायचं, हा विचारसुद्धा मला नको वाटायचा.

घरात आम्ही दोघंच. मी आणि माझे सासरे. आमच्याकडच्या रीतीनं मी त्यांना मामाजी म्हणते. नवऱ्याची नोकरी यवतमाळला, तो शनिवारी येतो. मामाजींनी अल्लीपूरची शेती धाकट्या दिराकडे सोपवली आणि ते वर्ध्याजवळ नालवाडीला आमच्याकडे राहायला आले. सकाळचं नळाचं पाणी भरणं, अंगण झाडणं, पावसाळ्यात विहारात ग्रंथवाचनाला जाऊन बसणं, हे त्यांचे उद्योग. बेडूक घरात आला त्या दिवसापासून त्यांचं म्हणणं एकच होतं.

"बेडूक आला का त्याच्यामागं साप येते. घरात कोनी पोसते का बेडूक?"

"मामाजी, तो काचेच्या आत आहे."

"सापाले काच दिसते का? सापाले वास येते."

हे वाक्य मी मनात नोंदवून ठेवलं होतं. घरात कोणाला काय नकोसं वाटतं हे मला माहीत असलेलं बरं असतं. वॉर्डातही तसंच. पेशंटशेजारी बसलेल्या नातेवाइकांपैकी कोण मनापासून बसलाय आणि कोण घड्याळ पाहतोय, हे मी येता-जाता पाहून घेते.

बेडकाचे नियम मी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून टाकीच्या वर चिकटवले होते. नळाचं पाणी थेट ओतायचं नाही. बादलीत एक दिवस उघडं ठेवायचं, म्हणजे त्यातला क्लोरीनचा वास उडून जातो. टाकीतलं सगळं पाणी एकदम बदलायचं नाही, थोडंथोडं बदलायचं. हात घालायचा तर साबण, तेल, क्रीम काही लागलेलं नको; हात नुसत्या पाण्यानं नीट धुवायचे आणि ओलेच ठेवायचे. कातडीतून तो सगळं पितो, त्यामुळे आपल्या हाताला जे लागलंय ते त्याच्या पोटात जातं. खोलीत डासांचा फवारा मारायचा नाही. मामाजींनी तो कागद चष्मा लावून पूर्ण वाचला आणि म्हणाले, "माह्या लग्नात नवरदेवालेबी इतके नेम नोते."

बादली मात्र तेच भरायचे. नळ येतो सकाळी आणि मी तेव्हा सावंगीच्या दवाखान्यात ड्युटीला निघायच्या घाईत असते. संध्याकाळी मी टाकीचं थोडं पाणी काढून त्या बादलीतलं ओतायची.

भादव्यात एक दिवस बेडकानं खाल्लं नाही. एक वेळ न खाणं ह्याचं मला काही वाटलं नाही. पोट भरलेलं असलं की तो असं करतो. मग त्याच्या मांडीवरून कातडीचा एक पातळ पापुद्रा लोंबताना दिसला. कात तो अधूनमधून टाकतोच, टाकलेली कात खाऊनही टाकतो, हे लेकीनं सांगून ठेवलं होतं. पण ह्या वेळी कात एकसंध निघत नव्हती. तुकड्या-तुकड्यानं सुटत होती, आणि अंगावर शेंबडासारखा बुळबुळीत थर आला होता. तो पाण्याच्या वरच्या अंगाला तिरपा तरंगत होता. खाली जायला पाय मारायचा, पुन्हा वर यायचा.

माझ्या डोक्यात पहिला प्रश्न आला तो, काय झालं असावं, हा नव्हता. कोणी केलं, हा होता. मी टाकीभोवती फिरून पाहिलं. वास घेतला. फिनाईलचा वास नव्हता, अगरबत्तीची राख नव्हती. पाणी तर इतकं स्वच्छ होतं की तळाचा एकेक खडा दिसत होता. म्हणजे पाण्यात काही दोष नाही, असं मी मनाशी नक्की केलं आणि माणसांकडे वळले.

आदल्याच आठवड्यात आशाताई गल्लीत घरोघरी फिरून गेली होती. डेंग्यूचे दिवस, कूलर, टायर, कुंड्या, जिथं म्हणून पाणी साचतं तिथं पाहायचं, गरज असली तर अळ्या मारायचं औषध टाकायचं. मी घरी नव्हते. उघडी बादली दिसली असेल, टाकले असतील दोन थेंब. मी चप्पल घालून तिच्या घरी गेले. ती दारात तूर पाखडत बसली होती.

"आमच्या अंगणातल्या बादलीत औषध टाकलं होतंस का?"

"सिस्टरताई, तुमच्या कूलरचं पाणी वतलं मी. बस्स. दुसऱ्या कशालेच हात नाई लावला."

"बादली उघडी होती."

"उघडीच होती. मी विचारलं, बाबाजी हे काऊन उघडं ठेवलं? तर तुमचे सासरे काठी घेऊनच उभे राह्यले. म्हने, हे बेडकाचं पाणी हाय, याले शिवाचं नाई. आता ताई, माणसाच्या पाण्याले इतकी राखण नाई भेटत." ती हसली. "बेडकाचं बरं नाई का?"

"बघते," म्हणून मी परत आले. तिच्यावरचा संशय मी पूर्ण काढला नाही, बाजूला ठेवला. पण एक नवीन गोष्ट कळली होती. बेडूक घरात नको म्हणणारा माणूस बेडकाच्या बादलीवर काठी घेऊन पहारा देत होता. बादलीत असं काय होतं की दुसऱ्या कोणी तिच्याजवळ जाऊ नये?

मामाजी अंगणात खाटेवर बसले होते. मी उभ्यानंच विचारलं.

"मामाजी, बेडकाच्या बादलीत साबण गेला का? कपडे धुताना?"

"नाई."

"फिनाईल? फरशी पुसताना?"

"नाई."

"मीठ, हळद, डासांचं औषध?"

"हळद कायले टाकीन मी? भाजी करून राह्यलो का त्याची?" ते माझ्याकडे पाहत राहिले. "काऊन विचारून राह्यली इतकं?"

"तो बरा नाही."

 ते उठून आत गेले आणि टाकीसमोर बराच वेळ उभे राहिले. मी स्वयंपाकघरातून त्यांच्यावर लक्ष ठेवून होते. जो घरातून जायला हवाय तो खरंच चाललाय का, हे पाहायला माणूस असाच उभा राहतो, असं मला वाटलं. त्या संध्याकाळी मी नवीन पाणी ओतलं नाही. बादली कोणी हलवू नये म्हणून उचलून माझ्या खोलीत ठेवली. मामाजींनी ते पाहिलं. 

लेकीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन बोलले, टाकी दाखवली नाही.

सकाळी उजाडताच पाहिलं, तर त्याच्या पोटाखाली आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला लाली पसरली होती. पांढऱ्या अंगावर ती लपत नव्हती. एका उथळ भांड्यात त्याला घेऊन मी ओल्या हातानं पाठीवर उलटा केला. चांगला बेडूक क्षणात पलटतो. तो उलटाच पडून राहिला, एक पाय हलवत. मी त्याला सरळ केला आणि ड्युटीवर फोन करून रजा सांगितली. वॉर्डात इतकी वर्षं काढल्यावर एक गोष्ट पक्की कळलीय. पेशंटला उशीर रस्त्यात होत नाही, घरात होतो. 'दुपारपर्यंत पाहू' म्हणण्यात होतो.

जनावरांचा सरकारी दवाखाना उघडला तेव्हा मी प्लास्टिकचा डबा घेऊन दारात होते. माझ्या पुढे एक बकरी, एक वासरू आणि त्यांचे धनी. बकरीवाल्यानं डब्यात डोकावून पाहिलं.

"बाई, हे काय आणलं?"

"बेडूक."

"बेडकाले दवाखाना?" तो मागच्या माणसाकडे वळला. "ऐकलं का? उद्या लोकं मुंगळेबी आणतीन. बाई, नंबर माह्या बकरीचा हाय हां. तिचं पोट फुगलं हाय."

"जा तुम्ही पुढे," मी म्हटलं. फुगलेलं पोट थांबत नसतं, ते मलाही माहीत होतं.

डॉक्टर तरुण होते. डबा पाहून त्यांचा चेहरा बदलला. "मॅडम, हा पकडला कुठून?"

"विकत घेतलाय. नागपुरातून. परदेशी जात आहे."

"आपल्याकडचा बेडूक पाळणं गुन्हा आहे, माहीत आहे ना? आपल्याकडचा असेल तर मला आधी वनविभागाला कळवावं लागेल."

"पायाची नखं पहा. आपल्या बेडकाला अशी नखं असतात का?"

त्यांनी पाहिली. तरी मला दुकान कुठलं, पावती आहे का, कधीपासून आहे, सगळं विचारलं. माझ्यावर संशय घेतला जाण्याची मला सवय नाही, राग आला. पण त्यांचं विचारणं योग्य होतं. समाधान झाल्यावर ते सरळ बोलले. "मी गाई-म्हशींचा माणूस. बेडकाला औषध देण्याचा अनुभव मला नाही, आणि अंदाजानं सुई टोचणार नाही. ही लाली आणि उलटं पडून राहणं, दोन्ही वाईट. नागपूरला एक डॉक्टर पक्षी, कासवं, असे प्राणी बघतात. नंबर देतो. आत्ताच लावा, आणि जायचं तर आजच जा."

फोनवर नागपूरच्या डॉक्टरबाईंनी मला बोलू न देता चारच प्रश्न विचारले. खातो का, पलटतो का, पोट पाण्यानं फुगलंय का, मागच्या बाजूनं मांस बाहेर आलंय का. मग म्हणाल्या, "निघा. पाण्याचा संशय आहे का?"

"मला सगळ्यांचाच संशय आहे."

"मग टाकीचं पाणी एका बाटलीत वेगळं आणा आणि भरायच्या बादलीतलं दुसऱ्या बाटलीत. बेडकाला त्या पाण्यात आणू नका. विकतचं बंद बाटलीतलं पिण्याचं पाणी डब्यात घ्या, अगदी उथळ, नाक वर राहील इतकं. खाली मऊ ओलं फडकं. झाकणाला भोकं. ऊन नको, गाडीच्या एसीचा झोत नको. घरचं कुठलंही औषध लावू नका."

गाडी मी चालवणार होते. डबा कोणीतरी मांडीवर धरायला हवा होता. शेजारणीला विचारावं म्हणून मी दाराशी गेले, तर मामाजी धुवट धोतर नेसून, टोपी घालून गाडीजवळ उभे.

"मी येतो."

"तुम्हाला त्रास होईल. विहारात वाचन आहे ना आज?"

"ते उद्याबी हाय. डबा दे."

मला ते आवडलं नाही. ज्याच्यावर संशय त्याच्याच मांडीवर पेशंट. पण दुसरा उपाय नव्हता. दोन्ही बाटल्या मी माझ्या बाजूला, दाराच्या कप्प्यात ठेवल्या. त्यांच्या हाताशी नाही. वाटेत दर थोड्या वेळानं मी डब्याकडे पाहत होते. त्यांनी डब्यावर उपरण्याची सावली धरली होती आणि खड्डा आला की डबा मांडीवरून थोडा वर उचलत होते.

सेलूच्या पुढे मी गाडी बाजूला घेतली, बेडूक पाहायला. तेवढ्यात लेकीचा फोन. मी घेतला आणि सवयीनं स्पीकर चालू ठेवला.

"आई, तू ड्युटीवर नाहीस? मागं ट्रकांचे आवाज येताहेत."

"नागपूरला चाललेय. तुझ्या बेडकाला डॉक्टरला दाखवायला."

"काल तू टाकी दाखवली नाहीस, तेव्हाच मला वाटलं. काय झालंय?"

मी होतं ते सगळं सांगितलं. लपवायला काही उरलंच नव्हतं. तिनं ऐकून घेतलं आणि मग खालच्या आवाजात विचारलं, "आई, आजोबांनी काही केलं का? त्यांना तो पहिल्यापासून नको होता."

मी फोन कानाला लावायला हात नेला, पण शेजारी ऐकायचं ते ऐकून झालं होतं. मामाजी समोरच्या काचेतून रस्त्याकडे पाहत होते. मग फोनच्या दिशेनं वाकून म्हणाले, "बाई, आजोबा बाजूलेच हाय. तुह्या बेडकाले मांडीवर घेऊन बसले हाय."

"आजोबा, तसं नाही..."

"तसंच हाय. विचारावं मानसानं. जीव हाय तुहा त्याच्यात." ते परत मागे टेकले. "फोन ठेव आता, उशीर होऊन राह्यला."

मी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. मला एवढंच दिसत होतं की त्यांनी लेकीला 'मी काही केलं नाही' असं म्हटलं नव्हतं. हे मी पक्कं लक्षात ठेवलं.

डॉक्टरबाईंनी बेडूक हातमोजे घालून, मोजे आधी ओले करून घेतला. डब्यातल्या पाण्यात आल्यावर तो जरा हलायला लागला होता, हे त्यांच्याही नजरेतून सुटलं नाही. उलटा केला, ह्या वेळी अडखळत, एका कुशीवरून, पण पलटला. "ह्याला ह्या पाण्यात बरं वाटतंय," त्या म्हणाल्या. "म्हणजे त्या पाण्यात काहीतरी आहे. बाटल्या द्या."

मी दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्या. खिडकीतून उजेड येत होता. बाटल्यांतलं पाणी काचेसारखं लख्ख दिसत होतं. डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वर्ध्याला पावसाळ्यात नळाला असं पाणी येतं?"

असं पाणी येत नाही. भादव्यात नळाचं पाणी चहाच्या रंगाचं असतं, हे मला माहीत होतं. हंड्यात तळाला गाळ बसतो, तो मी रोज पाहत होते. आणि टाकीतल्या स्वच्छ पाण्याकडे पाहून मी इतके दिवस मनातल्या मनात स्वतःच्या व्यवस्थेला शाबासकी देत होते.

त्यांनी कागदाची एक पट्टी बाटलीत बुडवली. पट्टीचा रंग बदलत नारिंगीकडे गेला. "पाणी आंबट आहे. आम्लाकडे झुकलंय. काय घालता ह्यात?"

"काहीच नाही," मी म्हटलं. "साबण नाही, फिनाईल नाही, मी स्वतः सगळ्यांना विचारलंय."

"तुरटी," मामाजी म्हणाले.

आम्ही दोघी त्यांच्याकडे वळलो. ते खुर्चीत बसून, काठीवर दोन्ही हात ठेवून, दुकानात माल सांगावा इतक्या साधेपणानं बोलत होते.

"गढूळ पानी येते. हंड्यात तुरटी फिरवतो, माठात फिरवतो. आमी पेतो ते निवळलेलं, न् त्यानं काऊन गढूळ प्यावं? म्हनून त्याच्याबी बादलीत फिरवतो. त्याच्यात जरा जास्तच. त्याले तर त्याच्यातच राहा लागते दिवसभर. मंग वरचं वरचं निवळ पानी दुसऱ्या बादलीत घेऊन ठेवतो. कोनी हात घालून गढूळ करू नये म्हनून राखतो."

"रोज?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"पानी गढूळ आलं तवापासून. रोज." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू साबनाचं विचारलं, फिनाईलचं विचारलं. तुरटीचं नाई विचारलं."

खरंच नव्हतं विचारलं. मी वाईट गोष्टींचीच चौकशी केली होती. तुरटीचं पाणी मी स्वतः रोज पीत होते; ड्युटीवर बाटलीत भरून नेत होते. ती विचारायच्या गोष्टींत येईलच कशाला?

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. "बाबा, माणसाच्या आतड्याला थोडी तुरटी चालते. ह्याची कातडी म्हणजे ह्याचं फुफ्फुस आणि तोंड दोन्ही. रोज तुरटीच्या पाण्यात ठेवलं की ती जळल्यासारखी होते. बुळबुळीत थर आला, कात फाटत निघाली, आता जळल्या जागी जंतू शिरलेत, म्हणून लाली."

"जगन का तो?" मामाजींनी विचारलं.

"वाचायला हवा. दोन दिवस उशिरा आणला असता तर सांगता आलं नसतं."

त्यांनी बेडकाला क्षारांच्या पाण्यात बसवलं, वजन करून औषधाचा थेंब पाठीवर टाकला. मात्रा मी वाचून घेतली, पुन्हा विचारून खात्री केली. ती माझी सवय, त्यांना राग आला नाही. मग मी पेन काढलं आणि विचारलं, पुढच्या वेळी केव्हा थांबायचं आणि केव्हा निघायचं. त्या म्हणाल्या, एक-दोन वेळा खाल्लं नाही, तळाशी शांत बसलाय, एकसंध कात टाकली, इतकं असेल तर पाणी तपासा आणि नजर ठेवा. उलटा केल्यावर पलटत नाही, फुग्यासारखा सुजलाय, पोटाखाली लाल झालंय, मागून आतडं बाहेर आलंय, झटके येताहेत, तोंड उघडं टाकून पडलाय, ह्यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी. आणि साबण, फवारा, औषध अंगाला लागल्याचं नुसतं कळलं, तरी काही दिसायची वाट पाहायची नाही. चांगल्या पाण्यात काढायचा आणि फोन करायचा. मामाजी पुढे वाकून ऐकत होते. "आन् तुरटी," ते मध्येच म्हणाले. "तेबी लिह्य."

परतीच्या वाटेवर मला त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, पण जमलं नाही. संशय धरायला एक घटका पुरते, तो सोडायला माझ्यासारखीला बराच वेळ लागतो. घरी आल्यावर मी भिंतीतल्या देवळीत ठेवलेला तुरटीचा खडा उचलून वरच्या फळीवर ठेवला. आमच्या हंड्यापुरता लागतो, पण मागावा लागेल अशा जागी. मामाजींनी ते पाहिलं आणि त्या दिवसापासून बेडकाच्या बादलीजवळ जाणं सोडलं. पाणी मीच ड्युटीवर जाण्याआधी भरायला लागले. गाळ आपोआप बसू द्यायचा, वरचं पाणी जाड फडक्यातून गाळायचं, उघडं ठेवायचं, पट्टी बुडवून पाहायचं, मगच वापरायचं.

लेक रोज फोनवर विचारायची की कशानं झालं. मी म्हणायची, पाणी बाधलं. तिला ते पुरत नव्हतं, हे तिच्या श्वासावरून कळायचं. मामाजींनी मला सांगून ठेवलं होतं, "तू नको सांगू. मी सांगीन. पन वाचू दे आधी. मेला तर तिले काय सांगू मी, तुरटी?"

लाली हळूहळू उतरली. तो खाली तळाशी जाऊन बसायला लागला. खात मात्र नव्हता. टाकलेल्या गोळ्या पाण्यात विरघळून जायच्या आणि मी त्या उपसून टाकायची. डॉक्टरबाई म्हणाल्या, गांडूळ देऊन पहा, पण फवारणी नसलेल्या मातीतलं.

मी ड्युटीवरून आले तर मामाजी अंगणात एक वाटी घेऊन बसलेले. वाटीत ओल्या मातीत गांडुळं. जिवंत जीव दुसऱ्याला खायला घालणं त्यांच्या मनाला पटत नाही, आधी त्यांनी ते काम कधीच केलं नव्हतं.

"हे कुठून आणलं?" मी विचारलं.

"वावरातलं नाई आणलं. तिथं तुहा दीर फवारे मारते. हापशीच्या नालीजवळचं हाय."

"नालीत साबणाचं पाणी येतं."

"वरच्या अंगाचं हाय. साबन खाली वाहते. मी पाह्यलं उभा राहून."

मी एक गांडूळ उचललं, बाटलीतल्या पाण्यात धुतलं, वास घेतला, पुन्हा धुतलं. ते माझ्याकडे पाहत होते.

"भरोसा नाई ना माह्यावर?"

"नाही," मी म्हटलं.

"बरोबर हाय." ते उठले. "माह्याबी तुह्यावर नाई. दवाखान्यातून आली तू, हाताले ते वासाचं औषध लावलं असन. दे इकडं." त्यांनी गांडूळ माझ्या हातातून काढून घेतलं, बाटलीतलं पाणी ओतून स्वतःचे हात धुतले, आणि गांडूळ हलकेच टाकीत सोडलं.

बेडूक तळाशी होता. काही वेळ त्यानं ओळखही दाखवली नाही. मग त्याचा एक हात हलला. पाणी ढवळल्यासारखं करून तो पुढे सरकला, झडप घातली, चुकला, पुन्हा घातली. गांडुळाचं अर्धं शरीर बाहेर वळवळत होतं आणि तो दोन्ही हातांनी ते तोंडात कोंबत होता. मामाजींनी मान दुसरीकडे वळवली, पण लगेच परत पाहिलं. गेलं का सगळं, हे पाहायचं होतं. गेलं. मी तरी आणखी थोडा वेळ थांबले. ओकून टाकतो का ते पाहायला. नाही टाकलं.

"लाव तिले फोन," ते म्हणाले.

मी व्हिडिओ कॉल लावून दिला. त्यांनी फोन दोन हातांत धरला, तोंडाच्या अगदी जवळ.

"बाई, मी आजोबा. बेडकाच्या पान्यात मी तुरटी फिरवत होतो. चांगलं पानी भेटावं म्हनून. त्यानंच झालं ते. तुह्या मायनं नाई सांगतलं, मीच म्हनलं नको सांगू."

मामाजी फोनच्या पडद्याकडे पाहत उभे राहिले. नंतर लेक म्हणाली, "तो कसा आहे?"

"आत्ताच खाल्लं त्यानं."

"दाखवा."

"मी सांगून राह्यलो ना."

"आजोबा, मला बघायचंय. फोन टाकीकडं धरा."

त्यांनी फोन फिरवला. आधी छताकडे, मग माझ्याकडे, मग काचेकडे.